तीन लिंबांचं घर

फाल्गुन लागला की आमच्या घरात झाडू खाली ठेवायला सवड मिळत नाही. लिंबाची पिवळी पानं चौकात पडतात, चौकातून ओसरीत येतात, ओसरीतून स्वयंपाकघरात, आणि दुपारी वावटळ सुटली की थेट भाताच्या पातेल्यात. आमच्याकडं कडुलिंबाला नुसतं लिंब म्हणतात. माझी बायको सुनंदा सकाळपासून तीनदा चौक झाडते, आणि तिसऱ्यांदा झाडताना झाडूपेक्षा तिचाच आवाज मोठा असतो.

"लोकाच्या घरात झाडं असत्यात. आपण झाडाच्या घरात राहायलाव."

 ऊन चढत असतं, पत्र्यासारखं तापलेलं वारं चौकात गोल फिरत असतं, पानं फरशीवर खरखरत असतात. या दिवसांत मला या झाडांचा राग येतो. खालून जाताना एखादं पान मानेवर पडलं, की कुणीतरी मागून बोट लावल्यासारखा मी दचकतो. वळून बघतो तर कुणी नसतं. नुसता बुंधा उभा असतो, फरशीतून वर आलेला.

गावात आमच्या घराला 'तीन लिंबांचं घर' म्हणतात. लोहाऱ्याच्या स्टँडवर जीपवाल्याला एवढं सांगितलं तरी तो दारात आणून सोडतो. झाडं दोनच आहेत. मधल्याच्या जागी शहाबादी फरशीचा एक चौकोन आहे, बाकीच्या फरश्यांपेक्षा रंगानं नवा. त्या फरशीवर मी पाय देत नाही. सुनंदा नेमकं तिच्यावरच वाळवण घालते.

लोहाऱ्यात तहसील कचेरीसमोरच्या ओळीत माझं छोटं ऑफिस आहे. लोकांच्या घरांचे नकाशे काढून देतो. सत्तावीस वर्षं हेच केलं. कुणाला पूर्वेला दार हवं असतं, कुणाला भावाच्या खिडकीसमोर खिडकी नको असते. त्या सगळ्यांत माझ्या हातून एकच नकाशा असा उतरला, की तो काढून झाल्यावर मी स्वतःशीच हसलो होतो. तो माझ्या स्वतःच्या घराचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शेरडं-मेंढरं राखायचे. गावाच्या कडेला ही जागा, तिच्यावर ओळीनं तीन लिंब, आणि त्यांच्या सावलीत मेंढरांचं वाडगं. लेंड्यांच्या खतावर ती झाडं अशी माजली होती, की मधल्या लिंबाला आम्हा दोघा भावंडांचे हात जोडूनही कवळ पुरत नव्हती. आम्ही दोघंच. मी आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठी अक्का. घर गावात होतं, दगड-मातीचं. भूकंपात ते बसलं. आम्ही वाचलो, आणि पुढचे सात-आठ महिने या लिंबांखाली राहिलो. वर ताडपत्री, बाजूला मेंढरं. अक्का पहिल्या लिंबाखाली चूल मांडायची, मधल्या लिंबाला पाठ लावून अण्णा बसायचे. गावात कुणालाच भिंतीजवळ जावंसं वाटत नव्हतं. झाड अंगावर पडेल, अशी भीती मात्र कुणाला शिवली नाही.

त्याच उन्हाळ्यात अक्काचं लग्न तिथंच लागलं. मांडव घालावा लागला नाही. लिंब फुलोऱ्यात होते. मंगलाष्टकं चालू असताना वरून ती बारीक पांढरी फुलं पडत होती, आणि अक्काच्या डोक्यावर अक्षता कोणत्या अन् फुलं कोणती ते कळत नव्हतं. मी सोळा वर्षांचा होतो. लोकांना पाणी वाढत होतो. तो वास अजूनही चैत्रात संध्याकाळी येतो. पूर्वी त्यानं छाती भरून यायची. आता मी खिडकी लावून घेतो.

अक्का ढोकीकडं दिली. दाजी तिकडच्या साखर कारखान्यात होते. आई आधी गेली, मग अण्णा. अण्णांच्या मागं वावर आणि ही जागा माझ्या एकट्याच्या नावावर व्हायची, तर अक्कानं हक्कसोड करून द्यायला हवी होती. आमच्याकडची ही रीतच आहे. बहिणीनं बापाच्या जमिनीवरचा हक्क सही करून सोडायचा, आणि भावानं तिला त्या दिवशी साडी नेसवायची. मीही घेतली होती, मोरपंखी रंगाची. सही झाल्यावर आम्ही बाहेर चहा प्यायला बसलो. साडीची पिशवी तिनं मांडीवर ठेवली होती, उघडून बघितली नव्हती.

"दिगा," ती म्हणाली. माझं नाव दिगंबर. "वावरातलं मला काय नगं, जागेतलंबी नगं. पर झाडाला हात लावू नको. भिंती तर माझ्या लग्नाच्या आधीच पडल्या. माझं माहेर म्हणजी ती झाडं."

"अक्का, मी नकाशेच काढतो. झाडं ठेवूनच घर काढीन."

"काढ की. पर हात लावलास तर बघ मंग."

मला तेव्हाच ते लागलं होतं. विनंती असती तर मी हसून घेतली असती. ही अट होती, आणि चहाच्या टपरीवर, चार लोकांत.

तरी नकाशा मी मन लावून काढला. बांधकामाच्या आदल्या वैशाखात मी भर दुपारी त्या जागेवर चुन्याची फक्की घेऊन गेलो आणि सावलीच्या कडेकडेनं जमिनीवर रेघ मारली. तासाभरानं पुन्हा, मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत जमिनीवर पांढऱ्या रेघांचं जाळं झालं होतं, जणू झाडांनीच आपलं घर आखून दिलं होतं. त्या रेघांवरून मी खोल्या ठेवल्या. झोपायची खोली मधल्या लिंबाच्या दुपारच्या सावलीत. स्वयंपाकघर पहिल्या लिंबाला वळसा घालून, अक्काची चूल होती तिथं. तिसरा लिंब पश्चिमेला कलला होता, तर ओसरीच्या स्लॅबला त्याच्यासाठी अर्धचंद्र कापला. तीन बाजूंनी घर आणि मधल्या चौकात तीन झाडं.

काम इस्माईलचाचांना दिलं. तालुक्यातले जुने मिस्त्री. कमी बोलायचे, कानाला पेन्सिल, तोंडात सुपारी. कॉलमचे खड्डे त्यांनी मशीननं काढू दिले नाहीत. सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, हळूहळू खणायचं, मूळ लागलं की थांबायचं, मला बोलवायचं. एका कॉलमला मनगटाएवढं मूळ आडवं आलं. चाचा खड्ड्यात उकिडवे बसून त्याच्यावरची माती हातानं झाडत राहिले.

"साब, ये नहीं हटता. तुम हटो."

मी कॉलम दीड फूट सरकवला. नकाशा पुन्हा काढला. त्या फाल्गुनात पानं अशीच गळत होती, आमच्या अंगावर, सिमेंटच्या पाट्यांत, सळयांच्या जाळीत. चिडचिड झाली नाही. उलट दुपारी त्या पानांवरच आडवा व्हायचो. माणूस काही चांगलं करत असतो तेव्हा त्याला ऊन कमी लागतं.

मग जोत्याचं निघालं.

बाहेरच्या माणसाला हे हसू येण्यासारखं वाटेल. आमच्या गावांत घराची उंची कुणी मोजत नाही, जोतं मोजतात. घर केवढं का असेना, जोतं समोरच्यापेक्षा वर पाहिजे. त्याच वर्षी समोरच्या जागेत माझा चुलतभाऊ पंडित घर बांधत होता. माझ्या नकाशात जोतं दीड फूट होतं. चौक जुन्या जमिनीच्याच पातळीला ठेवून, दोन पायऱ्या चढून घरात जायचं. पंडितनं जोतं तीन फुटांवर नेलं, आणि एका संध्याकाळी माझ्या आखणीत येऊन उभा राहिला. हातात तंबाखू. मागं गावातली तीन-चार माणसं.

"दिगंबर, तू तर तालुक्याचा इंजिनेर. आणि तुझं जोतं माझ्या उंबऱ्याखाली? माझ्या न्हाणीचं पाणी तुझ्या देवघरात यील की रं."

मागची माणसं हसली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी जोतं साडेतीन फूट करायला सांगितलं.

घर साडेतीन फूट वर गेलं तर मधला चौक खड्डा होणार, म्हणून चौकही मुरूम टाकून भरायचा. पण झाडांचं काय होणार, ते मला ठाऊक होतं. हे आज मी स्पष्ट लिहितो आहे, कारण सात वर्षं मी याच्या उलट सांगत आलो. बुंध्याला साडेतीन फूट मुरूम चढला तर खालच्या मुळांना हवा मिळत नाही, साल कुजते, आणि झाड दोन-तीन वर्षांत जातं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी नकाशात प्रत्येक बुंध्याभोवती चार-चार फुटांचा मोकळा गोल काढला होता. कडेनं दगडी बांध, आत जुनी जमीन तशीच उघडी. फार सुंदर दिसले असते ते तीन गोल. अक्कालाही मी ते फोनवर सांगितले होते. भर उन्हात त्यांत उतरून बसावंसं वाटलं असतं.

आधी सुनंदानं नाक मुरडलं. "घरात तीन विहिरी? उद्या लेकराचा पाय घसरला तर?" पंडितला कळलं तेव्हा त्यानं गावभर सांगितलं, की दिगंबर घरात माणसांसाठी खोल्या आणि झाडांसाठी तळघर काढतोय. तरीही मी ते गोल ठेवले असते. असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

पण त्या आठवड्यात अक्का आली. सांगून आली नव्हती. सेंटरिंगला अडते म्हणून पहिल्या लिंबाची एक फांदी आम्ही आदल्या दिवशी उतरवली होती. ती तिला फाटकातच पडलेली दिसली. तिनं पिशवी खाली टाकली, आणि गवंडी, बिगारी, पंडित, सगळ्यांच्या देखत माझ्यावर चालून आली.

"हात लावणार न्हवतास न्हवं? ह्यो काय पाय हाय का मंग? उद्या कचेरीत जाते आन् सही परत मागते. बहिणीला येक लुगडं देऊन सारं गिळलंस, फांदीबी सुटली न्हाय तुला?"

"अक्का, हळू बोल. लोकं ऐकायलेत."

"ऐकू दे की! मोठा सायेब!"

बिगारी बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. पंडित त्याच्या तीन फुटांच्या जोत्यावर उभा राहून बघत होता.  अक्का पाणीसुद्धा न घेता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरमाचे ट्रॅक्टर आले. लाल मुरमाचा ढीग चौकाच्या तोंडाशी पडला. चाचांनी नकाशा विटांवर पसरला होता आणि ते गोलांच्या दगडांची मापं काढत होते. मी त्यांच्या कानाची पेन्सिल ओढून घेतली आणि तिन्ही गोलांवर फुल्या मारल्या. एका गोलावर इतक्या जोरानं, की कागद फाटला.

"भरून टाका. बुंध्याला लावून."

"साब, झाड का गला दबता इससे."

"घर माझं आहे की तुमचं?"

त्यांनी नकाशाची घडी घालून माझ्या हातात दिली. मग बिगाऱ्यांना म्हणाले, "चलो." पहिली ट्रॉली मधल्या लिंबाच्या बुडाशी रिकामी झाली. मुरमाची धूळ उठली, माझ्या तोंडात गेली. मी थुंकलो. मनात काय होतं, ते आजही जसंच्या तसं आठवतं. मी झाडाला हात लावलेला नाही. आता बोल म्हणावं.

वास्तुशांत श्रावणात झाली. आमच्याकडं वास्तुशांतीला मिस्त्रीचा मान करतात. पाटावर बसवून टोपी-टॉवेल, पोशाख द्यायचा, मालकानं त्याच्या पाया पडायचं, कारण त्या दिवसापर्यंत घर त्याचं असतं. ताट तयार होतं. चाचा पांढरा धुतलेला सदरा घालून आले होते. अक्का आली ती सरळ चौकात गेली आणि झाडांपाशी थांबली. फरशी बुंध्याला अगदी चिकटून बसवली होती. तिनं पायानं फरशी चाचपली.

"दिगा, तू फोनवर सांगितलेले गोल कुठंयत?"

सगळे माझ्याकडं बघत होते. सुनंदा, पंडित, भटजी, पाटावर बसलेले चाचा.

"मी लोहाऱ्याला होतो गं त्या दिवशी," मी म्हणालो. "मिस्त्रीनं न विचारता भरून टाकलं."

हे वाक्य मी आधी जुळवलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं, जणू आत तयारच होतं.

अक्का चाचांकडं वळली. तिनं त्यांना काय काय म्हटलं ते सगळं मी लिहिणार नाही. डोळं फुटलं व्हतं का, म्हणाली. लेकराच्या नरड्यावर कुणी असा मुरूम वततंय का, म्हणाली. ज्या हातानं भरलंस ते झडून जातील, म्हणाली. सत्तरीला टेकलेला माणूस पाटावर मान खाली घालून बसला होता. मग त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. थांबला. मला वेळ देत होता. मी छताच्या पंख्याकडं बघत होतो. नवा पंखा होता, त्याच्या पात्यांवरचा प्लास्टिकचा कागद अजून काढलेला नव्हता.

"गलती हो गयी, बाई," चाचा म्हणाले.

ते उठले, चपला घातल्या आणि गेले. टोपी-टॉवेल ताटातच राहिलं. मी ते कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलं. कालपर्यंत ते तिथंच होतं.

झाड लगेच मरत नाही, हा त्याचा सगळ्यात वाईट गुण. माणसाला वाटतं, निभावलं. पहिल्या चैत्रात तिन्ही लिंब फुलले. मी मिठाई वाटल्यासारखा खुशीत होतो. दुसऱ्या वर्षी मधल्याचा फुलोरा विरळ. तिसऱ्या फाल्गुनात मधल्या लिंबानं पानं टाकली, बाकीच्यांनीही टाकली. बाकीच्यांना तांबूस पालवी आली. मधला तसाच राहिला. आम्ही चैत्रभर वर बघत होतो. वैशाखातही बघत होतो. मग त्याच्या फांद्यांची साल सुटून चौकात पडायला लागली, आणि पंडित म्हणाला, "चला, तुझा चौक मोकळा झाला."

तोडताना अक्का आली नाही. भाऊबीजेला आली. ओवाळताना तिनं निरांजन माझ्या तोंडाच्या इतक्या जवळ आणलं, की भुवया भाजतील असं वाटलं. म्हणाली, "तुझा दोष न्हाय म्हणा. तू कागदावरचा मानूस. तुला झाडातलं काय कळतंय? त्या मुडद्यानं घात केला."

ती मला माफ करत होती. अडाणी म्हणून. आणि मी मान डोलावली. त्यानंतर ती येते, दर पाडव्याच्या आधी लिंबाचा पाला न्यायला येते, पण घरात येत नाही. पहिल्या लिंबाखाली चौकातच बसते, चहा तिथंच घेते. सुनंदाला वाटतं, नणंद तिच्यावर रागावली आहे. दोघींमध्ये त्यावरून चार शब्द झाले, मग आठ झाले. मी त्याही वेळी काही बोललो नाही. एकदा खोटं बोललं की त्याच्या आसपासच्या सगळ्या गोष्टींवर गप्प बसावं लागतं. मग घरात गप्प बसण्याजोग्या गोष्टीच जास्त होतात.

या फाल्गुनात तिसऱ्या लिंबाला, त्या कललेल्याला, एकाच बाजूनं पालवी आली. दुसरी बाजू काळी.

मी ऑफिस बंद ठेवलं. सकाळी सब्बल घेतली आणि त्याच्या बुडाची फरशी उचकटायला सुरुवात केली. पहिल्या घावाला सब्बल हातात झणझणली. सुनंदा दारात येऊन उभी राहिली.

"आता हे काय नवीन?"

"गोल काढतोय."

"आधी गाडायचं, मग उकरायचं. शाना हाय माझा नवरा." आणि थोड्या वेळानं, आतून, "पाणी तरी प्या."

आठ दिवस लागले. एकट्यानं खणलं. कुणाला बोलवावं असं तोंड नव्हतं. मुरूम दगडासारखा बसला होता. दोन फुटांखाली बुंध्याची साल काळी पडलेली, ओली, बोटानं निघणारी. तिला कुबट वास होता. आणि एक गोष्ट मला माहीत नव्हती. झाडानं खालून बारीक, केसांसारखी मुळं वरच्या दिशेनं पाठवली होती, मुरमातून, फरशीच्या अगदी पोटापर्यंत. सात वर्षं ते खालून आमच्या फरशीला टेकून श्वास शोधत होतं, आणि वर आम्ही जेवत होतो. मी सब्बल टाकून दिली आणि त्यानंतर खुरपं घेतलं. साडेतीन फुटांवर जुनी जमीन लागली. ती रंगावरूनच ओळखू आली. काळी, आणि तिच्यावर लेंड्यांचा दाबला गेलेला थर. अण्णांच्या मेंढरांचा.

नवव्या दिवशी अक्का आली. पाला न्यायला. जीपमधून उतरून फाटकातून आत आली आणि खड्ड्याच्या काठावर थांबली. मी आत उकिडवा बसलो होतो, जेमतेम डोकं फरशीच्या वर, अंगभर लाल धूळ.

"हे तवाच का न्हाय केलंस?" ती म्हणाली. "आता काय उपेग? जाऊ दे, तुला तरी काय म्हाईत."

मी म्हणालो, "मला माहीत होतं, अक्का."

"काय?"

"सगळं. भरलं तर झाड मरतं, हे मला माहीत होतं. मी लोहाऱ्याला नव्हतो. मी इथंच उभा होतो. मिस्त्री नको म्हणत होते. तू लोकांत बोललीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मीच गोल खोडले."

खड्ड्यातून मला तिचे पाय दिसत होते, भेगा पडलेल्या टाचा, चपलेचा तुटलेला अंगठा. ते पाय हलले नाहीत. वरून नुसती पानं येत होती. मला वाटलं, आता ती शिव्या देईल. त्यासाठी मी तयार होतो. खरं म्हणजे मला त्या हव्याच होत्या.

"त्या म्हाताऱ्याला म्या काय काय बोलले रं," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "हात झडतील म्हणले. भरल्या घरात. आन् तू बघत बसलास." मग आवाज चढला. "झाड मारलंस ते मारलंस. माझ्या तोंडानं त्या मानसाला मारलंस तू. मला पाप करायला लावलंस, दिगा. आन् सात वर्षं माझ्या हातनं ववाळून घेतलंस."

तिला खाली उतरायचं होतं. मी उठून हात पुढं केला. तिनं तो झटकला. काठावर बसली, पाय खाली सोडले, गुडघा धरून कण्हली, आणि जवळजवळ घसरतच खाली आली. त्या अरुंद गोलात आम्ही दोघं उभे होतो. इतक्या जवळ आम्ही तिच्या लग्नानंतर उभे नव्हतो. तिनं माझ्याकडं पाठ केली. काळ्या सालीवर तळवा ठेवला. मग खाली बसली, जुन्या जमिनीवर, तिच्या जमिनीवर, आणि पदर तोंडावर घेतला. मी तिच्या पाठीकडं बघत राहिलो. रडू नको असं म्हणायचा अधिकार मला नव्हता.

उठताना ती म्हणाली, "घर तुझंय. तुझ्या घरात म्या येणार न्हाय. हितं येणार. हितं उतराय पायऱ्या कर."

"करतो."

"तू न्हाय. त्येच मिस्त्री करतील. तुझ्या तोंडानं जाऊन सांग, कशाला बोलवायलास ते. माझ्यासंगं केलंस तेबी सारं सांग. आन् म्हणावं, ती बाई बी यायचीय पाया पडाय, पायऱ्या झाल्यावर."

पाला न घेताच ती गेली.

इस्माईलचाचा आता काम करत नाहीत. लोहाऱ्यात जावयाच्या दुकानापुढं बाकावर बसलेले असतात. त्या बाकासमोरून मी सात वर्षं रोज गेलो आहे, मान दुसरीकडं वळवून. काल मान वळवली नाही. बाकाच्या कडेला बसलो आणि सांगितलं. पिशवीत टोपी-टॉवेल होतं. त्यांनी त्याचं टोक बघितलं आणि म्हणाले, "वो अंदर रखो."

मग विचारलं, "नक्शा है?"

नकाशा मी नेला होता, तोच, फाटलेला. त्यांनी तो गुडघ्यावर सरळ केला. तीन गोल, तीन फुल्या, त्यांच्याच पेन्सिलीच्या. मधल्या फाटक्या जागेतून त्यांची विजार दिसत होती. मी म्हणालो, साडेतीन फूट उतरायचंय, अक्काचे गुडघे दुखतात, पायरी सहा इंचांची धरली तर सात होतील. ते ऐकत नव्हते, किंवा ऐकत असतील. त्यांचं बोट त्या फुल्यांवरून फिरत होतं. मी माफी मागितली. 

कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्यापुढं धरली. अजून कानाला पेन्सिल असते त्यांच्या.

"गोल निकालो. तुम्हारे हाथ से."

रस्त्यावरून एसटी गेली, धूळ उडाली, दुकानातून जावई डोकावून बघायला लागला. तालुक्यातल्या अर्ध्या घरांचे नकाशे काढलेला माणूस मी. तिसऱ्या लिंबाभोवती मी गोल काढला. तो गोल आला नाही, एका बाजूनं चेपला.

चाचांनी तो बघितला. मग बाकाखालून चपला ओढल्या, पायात घातल्या, आणि जावयाला आतून टेप आणायला सांगितला.